सुपरवायझरची दावत

श्रीवर्धनहून दिवेआगरकडे निघालात की खाडीच्या अलीकडे एक वस्ती लागते. तिथे कुणालाही विचारा, हमदुल्ला कुठे राहतात? समोरचा जरा वेळ डोकं खाजवील. पण सुपरवायझरांचं घर कुठलं असं विचारलंत, तर तो हातातलं काम टाकून तुम्हाला दारापर्यंत पोचवील. दारावर पाटी नाही. गावानेच दिलेली पदवी, तिला पाटी कशाला हवी?

ही पदवी हमदुल्लांनी सदतीस वर्षं अंगावर वागवली, आणि खरं सांगायचं तर वागवून वागवून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस थकतोच, पण हे थकणं निराळं होतं. सकाळी उठले की थकलेले, नमाजाहून आले की थकलेले, झोपाळ्यावर नुसते बसले तरी थकलेले. जहुरा, त्यांची बायको, शेजारणींना सांगायची, "एवढा मोठा कारभार सांभाळलानी, डोकं थकतं ओ मानसाचं." डोकं थकलंच नव्हतं. पाय थकले होते, पण ते सांगायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती.

झालं होतं असं. हमदुल्ला सव्विसाव्या वर्षी शारजाला निघाले तेव्हा मुंबईच्या एजंटाने दिलेल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, रेस्टॉरंट सुपरवायझर. खोटं त्यांनी लिहिलं नव्हतं, कागदावरच तसं होतं. सासऱ्यांनी तो कागद मशिदीच्या आवारात चार माणसांत वाचून दाखवला. घराणं जुन्या व्यापाऱ्यांचं. कधीकाळी गलबतांवरून सुपारी आणि नारळ गुजरातपर्यंत नेणारं, आणि आता गलबत नाही तरी रुबाब शिल्लक असलेलं. त्या घराचा जावई सुपरवायझर झाला म्हटल्यावर गावात मिठाई वाटली गेली.

शारजाला उतरल्यावर हमदुल्लांना मागच्या दाराने हॉटेलात नेलं, एक लोखंडी चिमटा हातात दिला आणि सहा हात लांब जाळीसमोर उभं केलं. खाली कोळसा, वर मांस. "माझ्या कागदावर तर..." एवढंच ते बोलले. तिथला खरा सुपरवायझर हसला. कागदावर तसं लिहिलं की व्हिसा लवकर मिळतो म्हणाला, आणि निघून गेला. पुढच्या पत्रात घरी कळवू, असं हमदुल्लांनी ठरवलं. पण पत्र लिहायला बसायच्या आत जहुराचंच पत्र आलं, त्यात मिठाईची हकिकत होती. मग म्हटलं, सुट्टीला जाऊ तेव्हा सांगू. सुट्टीला आले तर सासरे स्टँडवर हार घेऊन उभे. असं करता करता ती गोष्ट सांगायची वेळ केव्हा टळून गेली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

दिवसाचे चौदा तास जाळीपुढे उभं राहायचं. बाहेर वाळवंटाचा उन्हाळा, आत कोळशाचा. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत जाळीच्या सळ्यांचे डाग पडले, एकाखाली एक. सुट्टी लागायच्या आधी हमदुल्ला आठवडाभर लिंबू चोळून अंगाचा धूर काढायचे, आणि पूर्ण बाह्यांचे नवे सदरे घ्यायचे. कोकणातल्या मे महिन्यात हा माणूस मनगटापर्यंत बटणं लावून बसलेला. गावाला वाटायचं, साहेबी थाट आहे. जहुराने एकदा डाग पाहिलेच, तेव्हा त्यांनी वाफेचा पाइप फुटला म्हणून सांगितलं. तिने लगेच नारळाचं तेल आणलं आणि ज्याने तो पाइप बसवला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

सुट्टीत एकदा त्यांच्या फार मनात आलं होतं, की ताजी सुरमई आणावी, अंगणात निखारा करावा आणि बायकोला आपल्या हातची खाऊ घालावी. तेवढं एक काम आपल्याला उत्तम येतं, आणि ते घरच्या एकाही माणसाने चाखलेलं नाही, याची त्यांना आतून खंत होती. ते चुलीपाशी गेले तर जहुरा लगबगीने आडवी आली. "बसा तुमी. साहेब मानसानं चुलीपाशी येऊ न्हाय." ते परत झोपाळ्यावर जाऊन बसले. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

एकतीस वर्षांनी कायमचे परत आल्यावर रेशनच्या दुकानातल्या मशीनने मात्र त्यांना चांगलंच ओळखलं. अंगठा ठेवला की मशीन नाही म्हणायचं. दुसरं बोट, तिसरं बोट, दहाही बोटं झाली, ठसा उठेना. एकतीस वर्षांच्या निखाऱ्याने बोटांवरच्या रेघा पुसून टाकल्या होत्या. दुकानदार गुणाजी म्हणाला, "सुपरवायझर, सह्या करून करून बोटं गुळगुळीत केलीत की काय?" सगळे हसले, हमदुल्लाही हसले. शेवटी जहुराच्या अंगठ्यावर रेशन मिळू लागलं.

ते आले त्याच्या पुढच्याच वर्षी चक्रीवादळाने वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या केल्या. हमदुल्ला आणि त्यांचा मुलगा अरमान, दोघांनी मिळून पडलेली खोडं उपसली आणि नवी रोपं लावली. सुपारीला धरायला पाचसहा वर्षं लागतात. तेवढी वर्षं बापलेकांनी पहाटे पाटाचं पाणी फिरवलं, रोपांना झावळ्यांची सावली केली. यंदा पहिल्यांदा आठदहा झाडांना फुलोरा दिसू लागला होता. एकतीस वर्षांत मिळून मुलाचा सहवास झाला नसेल तेवढा या वाडीत झाला, आणि हमदुल्लांना आयुष्यात काही मिळालं असेल तर ते हेच, असं त्यांचं मत होतं.

अरमान एकोणतीस वर्षांचा. बाप सुपरवायझर म्हणून त्याने पनवेलला हॉटेल मॅनेजमेंट केलं होतं. मग अलिबागच्या एका रिसॉर्टमध्ये दोन वर्षं काढली, कंटाळला, आणि आता श्रीवर्धनला मोबाइलच्या दुकानात बसत होता. आणि महिन्यापूर्वी त्याचा कागद आला. शारजाहून, त्याच हॉटेलातून. जुन्या मालकाचा पुतण्या आता धंदा पाहतो. हमदुल्लांचा मुलगा म्हणून खास बोलावणं. कागदावर तीच ठळक अक्षरं होती, रेस्टॉरंट सुपरवायझर. येत्या गुरुवारचं विमान होतं.

जहुरा हरखून गेली. "बापाची खुर्ची पोराला गावली," ती येईल जाईल त्याला सांगू लागली. खुर्ची! त्या हॉटेलात हमदुल्ला खुर्चीवर बसले असतील ते एकदा ताप आला तेव्हा, आणि तेही दहा मिनिटं.

महिनाभर ते सांगायचं म्हणत होते. रोज पहाटे वाडीत पाणी फिरवताना तोंड उघडायचे आणि भलतंच काही बोलून जायचे. एकदा धीर करून म्हणाले, "इथंच ऱ्हा. सुपारी धरतेय आता."

अरमान हसला. "अब्बा, तुम्ही एकतीस वर्षं राहिलात आणि मला नको म्हणता? हे बरंय!"

यावर खरं सांगितल्याशिवाय उत्तरच नव्हतं. सांगितलं तर गावातली पत जाणार, मेलेल्या सासऱ्यांची मिठाई खोटी ठरणार, आणि जहुरा जे तोंड भरून सांगत फिरते ते तिच्याच तोंडावर फेकल्यासारखं होणार. न सांगितलं तर पोरगा त्याच मागच्या दाराने आत जाणार. हमदुल्ला गप्प बसले. माणूस गप्प बसायला एकदा सरावला की त्याला त्यातून उठणं जड जातं, आणि यांचा सराव तर सदतीस वर्षांचा.

परदेशी निघणाऱ्याला घरी दावत द्यायची ही आमच्याकडची रीत. जहुराने सांदणांचे तांदूळ भिजत घालायची तयारी केलीच होती. पण अरमानच्या डोक्यात निराळंच. दिवेआगरच्या रस्त्याला नवं बार्बेक्यू रेस्टॉरंट उघडलंय, तिथे जाऊ. "अब्बांच्या लाईनीतलं आहे. अब्बा बघून सांगतील कसं चालवतात ते." कोंबडी कुठल्या दुकानातून येते, कशी कापलेली असते, हे त्याने फोन करून विचारूनही घेतलं होतं. तेव्हा ना म्हणायला जागा उरली नाही. रविवारी दुपारची नमाज आटोपून सगळे टमटममध्ये बसले. हमदुल्ला, जहुरा, अरमान, त्याची बायको काशिफा आणि सहा वर्षांची अरिबा.

रेस्टॉरंट म्हणजे पत्र्याची मोठी शेड. दाराशी अर्धी कापलेली होडी उभी करून तिचा काउंटर केलेला, मासेमारीचं जुनं जाळं टांगलेलं, जाळ्यात रंगीत दिवे. मालक कुलदीप, पस्तिशीचा, मुंबईहून परत आलेला हुशार गडी. वादळापासून किनाऱ्यावर पडून असलेली एक होडी त्याने विकत घेतली होती आणि तिचा पुढचा भाग करवतून हा देखावा उभा केला होता. लोक तिच्यासमोर उभं राहून फोटो काढत होते. जे लोक ती होडी वल्हवायचे त्यांच्यापैकी कुणी इथे जेवायला येणार नाही, ही गोष्ट निराळी.

प्रत्येक मेजाच्या मधोमध भोक पाडून त्यात लोखंडी शेगडी बसवली होती. अर्धवट भाजलेल्या सळ्या मागून येणार, आणि आपण आपल्या मेजावर त्या गरम ठेवून खाणार. अरिबा खूश. काशिफाने फोटो काढले. कुलदीप स्वतः येऊन म्हणाला, "काका, तुमच्यासारखी अनुभवी माणसं आली की टेन्शन येतं बघा." अरमानने त्याला आधीच सगळं सांगून ठेवलेलं होतं तर.

हमदुल्लांचं मात्र दारातच नाक वाकडं झालं होतं. मागच्या बाजूने धूर येत होता आणि तो कोळशाचा नव्हता. एकतीस वर्षं ज्याने धूर खाल्ला त्याला हे सांगावं लागत नाही. करवंटीचा धूर वेगळा, बाभळीचा वेगळा, सुरूचा वेगळा. हा त्यातला एकही नव्हता. पण त्यांनी ठरवलं, आज काही बोलायचं नाही. पोराचा दिवस आहे. आपण पाहुणे आहोत, खायचं आणि उठायचं.

अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. रविवारची गर्दी होती. पंखा गरम वारा फेकत होता. अरिबा मेजावर डोकं टेकून पेंगू लागली. जहुरा घरच्या सांदणांची आठवण काढून दोनदा उसासली.

शेवटी सळ्या आल्या. कोळंबी, कोंबडी, आणि एक अख्खा पापलेट. दिसायला झकास. अरमानने पहिली कोंबडी बापाच्या ताटात वाढली आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले.

हमदुल्लांनी घास तोंडात घातला आणि त्यांना धूर कशाचा ते समजलं. डांबर. मागून जळक्या तेलाची चव, आणि त्याच्याही मागे रंगाचा वास. कोंबडी वरून काळी, हाडापाशी लाल. कोळंबी रबर झालेली. काशिफाने पहिलाच घास कागदात काढून ठेवला. अरिबा उघड उघड थुंकली आणि म्हणाली, "ही रिक्षासारखी लागतेय." जहुराने पापलेटचा तुकडा पाण्याबरोबर गिळला, कारण दावतीत ताटातलं टाकलं तर बरकत जाते असं ती मानते. हमदुल्ला खात राहिले. दुसऱ्या भट्टीवाल्याचं अन्न टाकायचं नाही, अशी तिकडे त्यांची आपसांत रीत होती. ती घरच्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"अब्बा, सोडा ते. काय खाताय!" अरमान तापला. मागे वळून त्याने हाक मारली, "ए, कोण भाजतंय आत? इकडे ये!"

आला तो काळूराम. पन्नाशीचा, आतल्या गावचा. पाच वर्षांमागेपर्यंत लग्नाकार्यांत वरणभात, वडे रांधणारा आचारी. कुलदीपने त्याच्या डोक्यावर काळी टोपी घातली होती आणि छातीवर 'हेड शेफ' असं भरतकाम केलेला कोट. घामाने तो कोट पाठीला चिकटला होता. डोळे लाल.

"हे काय आहे?" अरमानने सळई त्याच्यासमोर धरली. "हे माणसांनी खायचं? शेफ लिहून घेतलंयस छातीवर, लाज नाही वाटत?"

"साहेब, जरा जाळ जास्ती झाला. मी दुसरी शेगडी आनतो," काळूराम म्हणाला. त्याने घाईघाईने मेजातली शेगडी उचलली. घामाने पकड सुटली. शेगडी कलंडली आणि एक रसरशीत निखारा मेजावर पडून अरिबाच्या हाताकडे घरंगळला.

काशिफा किंचाळली. अरमान उठला, त्याची खुर्ची पडली. तोवर हमदुल्लांनी हात पुढे केला होता. तीन बोटांनी त्यांनी तो निखारा उचलला, घाई न करता, जसा कुणी सांडलेला शेंगदाणा उचलावा तसा, आणि परत शेगडीत ठेवला. मग रुमालाला बोटं पुसली.

काळूराम त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत राहिला. आणि मग सगळ्यांसमोर, अगदी सहज म्हणाला, "चाचा, तुमी भट्टीवरचे काय?"

अरमान हसला. "भट्टीवरचे? अरे, सुपरवायझर होते ते. एकतीस वर्षं. तुझ्यासारखे वीस जण हाताखाली होते ह्यांच्या. एकेकाला असा सरळ केला असता ना!"

हमदुल्लांनी मुलाकडे पाहिलं. तो आवाज त्यांच्या चांगला ओळखीचा होता. मागच्या दाराशी उभं राहून असाच बोलायचा तो खरा सुपरवायझर, त्यांच्याशी, एकतीस वर्षं. वयाने थोरल्या माणसाला असंच अरेतुरे. आज तो त्यांच्या पोराच्या तोंडातून आला होता. आणि चारच दिवसांनी हाच पोरगा त्या आवाजासमोर मान खाली घालून उभा राहणार होता.

ते उठले. "अरमान, माज्यासंगती ये."

"कुठे? त्याला बघू द्या की, त्याचं काम आहे."

"ये म्हनतो ना."

शेडच्या मागे उघड्यावर लांबलचक जाळी मांडलेली, वर पत्रा, आणि दुपारचं ऊन त्या पत्र्यातून खाली उतरत होतं. जाळीखाली फळ्या जळत होत्या. एका फळीच्या टोकाला निळा रंग अजून शिल्लक होता. हमदुल्ला वाकले, चिमट्याने ती फळी ओढून बाहेर काढली. तिच्यातून काळं तेल उकळून गळत होतं.

"ही होडीची फली हाय, काळूराम?"

"व्हय चाचा. गर्दी झाली, कोळसा संपत आला. शेठ म्हनाले, होडीची उरलेली फळकुटं हायत, सुकी हायत, ती घाल."

"सुकी दिसतात. पन आत किती वर्साचं डांबर नि तेल मुरलंय. न्हानीच्या चुलीतसुदा घालत न्हाईत ही. तुला कुनी सांगितला न्हाय?"

"मी आतल्या गावचा, चाचा. होडी आमच्यात कुठं?" काळूरामचा चेहरा रडवेला झाला. "मना वाटला, माजाच हात वाईट."

"हात वाईट न्हाय. कोलसा किती उरलाय?"

अर्धं पोतं होतं. हमदुल्लांनी फळ्या बाजूला ओढल्या, कोळसा पसरला. काम करताना बाही आड येत होती. ते थांबले. मग त्यांनी मनगटाचं बटण काढलं आणि बाही दुमडत दुमडत कोपराच्या वर नेली. उघड्यावर, माणसांत, पहिल्यांदा. सळ्यांचे डाग मनगटापासून वर गेलेले. समोरच्या जाळीच्या सळ्या आणि ते डाग, अंतर सारखंच होतं. अरमानने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा जाळीकडे.

"पाइप फुटला होता ना?" तो हळूच म्हणाला.

"पाइपबिइप काय न्हाय." हमदुल्लांनी त्याच्या हातात चिमटा दिला आणि त्याला खांद्याला धरून जाळीसमोर उभं केलं. "सुपरवायझर इथं उभा ऱ्हातो. माज्या कागदावर पन तेच लिवलेलं होता, जे तुज्या कागदावर हाय. तोच कागद, तोच हाटेल. मी एकतीस वर्सं हितंच होतो. मना सांगायची हिंमत झाली न्हाय."

कोळसा पेटत आला. काळूरामने ताज्या सळ्या आणून मांडल्या, आणि अरमान त्या फिरवू लागला, कारण हातात चिमटा होता आणि समोर जाळी होती आणि दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. धूर डोळ्यांत गेला. सदरा पाठीला चिकटला. एक सळई लागली तसा त्याने हात झटकला. पाय बदलून पाहिले. शेवटी म्हणाला, "किती वेळ झाला?"

"बारा मिनटं," हमदुल्ला म्हणाले. "तिकडं चवदा तास."

अरमानने चिमटा खाली ठेवला. मान वळवली तर मागे दारात जहुरा उभी होती. केव्हापासून, ठाऊक नाही. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. हमदुल्लांनी बाही खाली ओढायला हात नेला आणि मग तसाच सोडून दिला. आता झाकून काय करायचं होतं?

मागून कुलदीप धावत आला, माफी मागू लागला, सोलकढी तरी घ्या म्हणू लागला. सोलकढी बरी होती. कोंबडी पुन्हा भाजून येईपर्यंत थांबायची ताकद कुणात नव्हती. निघताना हमदुल्ला काळूरामला म्हणाले, "निखाऱ्यावर राख धरली की मगच मांस ठेव. आनि पानी पीत जा, नायतर घेरी येईल." काळूरामने टोपी काढून हातात घेतली होती.

टमटम घराकडे निघाली. अरिबा आईच्या मांडीवर झोपली. हमदुल्लांना वाटत होतं, बोलून टाकल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं. तसं काही झालं नाही. ते नुसतेच जास्त थकले होते.

घरी आल्यावर अरमान फोन घेऊन वाडीत गेला. बराच वेळ तिकडे त्याचा आवाज येत होता. परत आला तेव्हा उंबऱ्यातच उभा राहिला.

"शारजाच्या मालकाला विचारलं मी. नेमकं कुठल्या जागेवर काम आहे ते सांगा म्हटलं."

"मग?"

"आधी ये म्हणाला. आल्यावर बघू म्हणाला."

"मनापन असाच आनला होता. तेवा मालक त्याचा चाचा होता, एवढाच फरक."

अरमान उंबऱ्यावर बसला. "मी नाही म्हणून सांगितलं, अब्बा." मग म्हणाला, "लोकांना काय सांगायचं?"

"खरा काय ते सांग," हमदुल्ला म्हणाले. "सुपरवायझर जालीवर होता म्हनावा." उद्यापासून रेशनच्या दुकानात गुणाजी काय काय म्हणेल ते त्यांना ऐकू येऊ लागलं होतं. म्हणू दे. हसायची सवय त्यांना होतीच.

अरमान पाटाचं पाणी सोडायला गेला. मागच्या पडवीत जहुरा चूल पेटवत होती. सगळी उपाशी होती, दावतीहून उपाशी आलेलं घर ते. टमटममध्ये बसल्यापासून ती एक अक्षर बोललेली नव्हती. हमदुल्ला झोपाळ्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. तिच्या बापाची मिठाई, तिने शेजारणींना सांगितलेले कारभार, खुर्च्या, हाताखालची माणसं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी ते उठून पडवीत गेले. टोपलीत सकाळचे चार बांगडे होते. ते दबकत म्हणाले, "मी भाजतो. आता कललाच हाय सगल्यांना."

जहुरा वळली. त्यांनी हात पुढे केला होता, बाही अजून दुमडलेलीच होती. तिने तो हात धरला, चुलीपासून बाजूला केला आणि पायाने पाट पुढे सरकवला.

"बसा तुमी," ती म्हणाली.

हेच ती पस्तीस वर्षं म्हणत आली होती. पुढचं वाक्यही त्यांना पाठ होतं, साहेब मानसानं चुलीपाशी येऊ न्हाय. ते ऐकायची त्यांनी मान खाली घालून वाट पाहिली.

जहुराने बांगडे तव्यावर टाकले.

"बसा. लय वर्सं उभं ऱ्हायलात."

हमदुल्ला पाटावर बसले.